मुरमावरची आक्का

त्या दिवशी सकाळी शेताच्या चढाखाली आक्काने किटलीतल्या चहाचा एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि पेला परत वहिनीच्या हातात दिला.

"हे काय आहे?"

"चहा आहे."

"चहा असा असतो? भांडी विसळलेलं पाणी बरं याच्यापेक्षा."

"डॉक्टरांनी साखर बंद केलीय तुमची."

"मग जा, त्या डॉक्टरलाच पाज. आणि आज माझ्याशी बोलायचं नाही. मी पण नाही बोलणार."

"नका बोलू. तेवढीच माझ्या कानांना सुट्टी."

झालं, एवढंच बोलणं. आक्काने भोपळ्याच्या भिजवलेल्या बियांचं गाडगं काखेत मारलं आणि पाठ फिरवून चढाला लागली. वहिनी किटली हलवत घरी आली. घरी येऊन चपात्या लाटताना पण तिची बडबड चालूच होती, की साखर दिली तर डॉक्टर ओरडतो, नाही दिली तर ही ओरडते, आमचा जन्म ओरडा खाण्यातच जायचा.

दुपारी भाऊ आक्काला जेवायला बोलवायला वर गेला. भाऊ म्हणजे आक्काचा धाकटा भाऊ, वहिनीचा नवरा. आक्का दगडाच्या बांधाला पाठ लावून बसली होती, हनुवटी छातीवर, गाडगं मांडीवर आणि गाडग्यावर हात, कुणी पळवू नये म्हणून ठेवतात तसा. भाऊला वाटलं डुलकी लागलीय. त्याने लांबूनच हाक दिली, "आक्का, ऊठ, तुझे भोपळे निघाले बघ गाव सोडून!" आता असलं काही आक्काला बोललं की समोरचा घरी पोचेपर्यंत तिचं उत्तर संपायचं नाही. त्या दिवशी काही उत्तर आलं नाही. तेव्हाच भाऊला कळलं. मग तो तिच्या शेजारी तसाच बसून राहिला, आणि आपला नवरा पण जेवायला आला नाही म्हणून वहिनी चिडून वर गेली, तर हे दोघं असे बसलेले.

आक्का कोण होती ते सांगायला पाहिजे, कारण नुसतं गेली म्हटलं तर काहीच कळत नाही.

आक्काचं लग्न झालं होतं, पण ते काही टिकलं नाही. नवरा कसा होता विचारलं तर म्हणायची, "भुसभुशीत होता. पहिल्याच पावसात वाहून गेला." म्हणजे दुसरीकडे निघून गेला. मग ती माहेरी आली ती कायमची. वडील गेल्यावर वाटणी झाली. खालची काळी जमीन भाऊला आली आणि वरचा मुरमाड चढ आक्काला. सगळ्यांना वाटलं, बाईमाणूस आहे, नावावर काहीतरी असलं म्हणजे झालं, ती काय तिथे पिकवणार आहे. तिथे तेव्हा गवतसुद्धा मनात आलं तर उगवायचं. पाऊस पडला की पाणी वरून थेट खाली भाऊच्या शेतात, जाताना असेल नसेल ती माती घेऊन. आक्का म्हणायची, "माझ्या जमिनीचं पण लग्न झाल्यासारखंच आहे, सगळं सासरी चाललंय."

पण बाई गप्प बसणारी नव्हती. तिने पहार घेतली आणि खड्डे खणायला सुरुवात केली. सगळी जमीन सुधारायची म्हटली तर तीन जन्म लागतील, म्हणून सगळी सुधारायचीच नाही, जिथे वेल लावायचा तिथेच फक्त खड्डा. खड्ड्यातून निघालेले दगड खालच्या अंगाला रचायचे, त्याचाच बांध. खड्ड्यात पालापाचोळा, राख, शेळ्यांच्या लेंड्या, घरातलं सगळं उष्टंखरकटं. आणि सगळ्यात तळाला जुने कपडे.

हे कपड्यांचं डोकं तिचं स्वतःचं. मुरमात पाणी थांबत नाही, चाळणीतून जावं तसं जातं. आक्काने एकदा बघितलं की धुण्याच्या दगडामागे एक फाटका टॉवेल पडून आहे, आठवडाभर ऊन होतं तरी आतून ओला, आणि त्याच्यातून कसलंसं रोप वर आलंय. तेव्हापासून घरातल्या कुणाचाही जुना सुती कपडा सुटला नाही. तळाला कपडा घडी घालून ठेवायचा, तो पाणी धरून ठेवतो, वेलाची मुळं सावकाश पीत बसतात. दोनतीन वर्षांत कुजून माती होतो, मग दुसरा.

नंतर नंतर तर आक्काला जुना कपडा आणि नवा कपडा यातला फरकच दिसेना. भाऊची चांगली विजार दोरीवर वाळत होती ती गेली. विचारलं तर म्हणाली, "गुडघ्यावर विरली होती." पाहुणे आले की आक्का त्यांच्या शर्टाचं टोक दोन बोटांत धरून चोळून बघायची. एका पाहुण्याच्या बाहीचं टोक तर तिने अंगात शर्ट असतानाच पाण्याच्या तांब्यात बुडवलं. "छे," म्हणाली, "नायलॉन आहे. हे पाणी धरत नाही, नुसतं मिरवतं." तो पाहुणा परत आला नाही. भाऊ म्हणायचा, बरं झालं, सुती घालून आला असता तर उघडाच परत गेला असता.

ज्याचा कपडा, त्याच्या नावाचा खड्डा. भाऊचा खड्डा, शिंप्याचा खड्डा, मास्तरांचा, कंडक्टरचा. कंडक्टरने रिटायर झाल्यावर सगळा खाकी गणवेश आणून दिला, त्याच्या खड्ड्यातला भोपळा एवढा मोठा झाला की आक्का म्हणाली, हा पण जागा अडवून बसलाय, पुढे सरकत नाही. वहिनीच्या खड्ड्यात वहिनीची निळी चादर. बाजारात भोपळे घेऊन बसली की आक्का गिऱ्हाइकाला भोपळ्याची ओळख करून द्यायची. "हा मास्तरांचा आहे, शिजायला वेळ लागेल. हा शिंप्याचा घ्या, मऊ आहे." लोक हसायचे आणि घ्यायचे. खालच्या काळ्या जमिनीत भाऊचे भोपळे पण व्हायचे, पण ते पाणचट. आक्काचा भोपळा कापला की सुरी अडकायची आणि आतून शेंदरी रंग असा की बघत राहावं. वेलांनी सगळा मुरूम झाकून जायचा, दगड दिसायचा नाही. लांबून बघणाऱ्याला वाटायचं काय जमीन आहे!

आता खरी गंमत. आक्का ओळीने पेरायचीच नाही. ज्याच्यावर खूश असेल त्याच्या खड्ड्यापासून सुरुवात, आणि ज्याच्यावर रुसली असेल त्याचा खड्डा सगळ्यात शेवटी, ऊन कलल्यावर, तोंडाने पुटपुटत. सगळं घर त्या दिवशी लांबून बघत असायचं, आपला नंबर कितवा लागतो ते. भाऊचा बहुतेक वेळा शेवटीच लागायचा.

तर आक्का गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. वहिनी चहाची पावडर काढायला फळीकडे गेली तर तिथे ते गाडगं. कुणीतरी उचलून आणून ठेवलं होतं. झाकण काढलं तर निम्म्या बिया आत होत्या आणि त्यांना पांढरी टोकं फुटली होती. आक्का बी नेहमी दुप्पट भिजवायची आणि उरलेलं संध्याकाळी बांधाकडेला टोचून यायची, त्यामुळे किती खड्डे राहिलेत ते बियांवरून कळत नव्हतं.

वहिनी तिथेच उभी राहिली. चार दिवसांपूर्वी मधेच एक पाऊस पडून गेला होता आणि वापसा आला होता. वापसा म्हणजे जमिनीत पेरण्यापुरती ओल, मूठभर माती घेतली तर गोळा होतो आणि बोटाने ढकलला तर सुटतो, तशी. काळ्या जमिनीत तो आठवडाभर राहतो. मुरमात आज आहे आणि उद्या नाही. बी तर कालच भिजलेलं. ना बी थांबणार, ना ओल.

वहिनीने पदर खोचला आणि गाडगं घेऊन निघाली.

"अगं, कुठे?" चुलत सासूबाई दारातच बसल्या होत्या. "कालच माणूस गेलंय घरातलं आणि तू पेरायला निघालीस?"

"ज्या गेल्या त्या असत्या तर माझ्या आधी पोचल्या असत्या," वहिनी म्हणाली.

भाऊ पण मागोमाग आला. वर गेले आणि दोघं बघतच राहिले. आक्काने ऊन लागू नये म्हणून सगळ्याच खड्ड्यांवर पाला पसरून ठेवला होता. पेरलेला कुठला आणि राहिलेला कुठला, काही कळायला मार्ग नाही.

"या बाजूने केले असतील," भाऊ म्हणाला.

"तुमची बहीण कधी या बाजूने, त्या बाजूने जायची का? कुणावर रुसली होती ते सांगा, म्हणजे कळेल."

"माझ्यावर असणार."

"तुमच्यावर नाही. परवा तुम्ही पहारीला धार लावून आणलीत, खूश होती."

"मग कुणावर?"

वहिनी निळ्या चादरीच्या खड्ड्याशी जाऊन उकिडवी बसली. तिथला पाला चाचपत म्हणाली, "ती माझ्यावर रुसून गेली हो. बोलू नकोस म्हणाली, आणि मी म्हटलं कानांना सुट्टी."

"अगं, ती माझ्यावर पण रुसलेलीच असायची."

"तुमचं वेगळं. तुमच्यावर रुसायला तिला कारण होतं. जमीन बघा कुठली दिलीत ती."

भाऊने इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाला, "उकरून बघू का? बी असलं तर दिसेल."

"खबरदार! कोंब मोडला तर?" वहिनी म्हणाली. पण कोंबाचं निम्मंच खरं होतं. निम्मं म्हणजे तिला बघायचंच नव्हतं. खड्डा रिकामा निघाला असता तर?

मग तिने सरळ सगळ्याच खड्ड्यांत दोन दोन बिया टोचल्या. आक्काने दोन टाकल्या असतील नसतील, वर आणखी दोन. भाऊ मागून पाला सारखा करत होता आणि सारखा चुकत होता, आणि वहिनी त्याला बोलत होती. खालून लोक बघत होते.

माणसं आली तशी गेली. घर मोकळं झालं आणि इतकं शांत झालं की वहिनीला आपल्या कानांची सुट्टी सोसेना. रोज सकाळी ती वर जाऊन यायची. भाऊ विचारायचा, "आलं का?" ती म्हणायची, "इतक्यात कसं येईल?" आणि दुसऱ्या दिवशी परत जायची.

मग एका सकाळी आलं. पाला बाजूला ढकलून जाड जाड दोन पानं. वहिनीने भाऊला हाक मारून वर बोलावलं आणि दोघं खड्डाखड्डा बघत फिरले. शिंप्याच्या खड्ड्यात चार. त्यात दोन मोठी, दोन मागाहून आलेली. मोठी ती आक्काची, लहान ती वहिनीची. कंडक्टरच्यात चार. मास्तरांच्या खड्ड्यात चार, ज्यांना आक्का वर्षभर शिव्या घालायची. भाऊच्या खड्ड्यात चार! भाऊला काय करू न् काय नको असं झालं. "बघ! मला पेरून गेली!"

वहिनीच्या खड्ड्यात दोन. दोन्ही लहान.

वहिनी बघत राहिली. मग तिचा आवाज जो चढला तो खालच्या रस्त्यापर्यंत गेला. "मास्तरला पेरलं आणि मला नाही? एवढी साखर महत्त्वाची होती का? जन्मभर कुणी चपात्या करून घातल्या, मास्तरने?" आणि बोलता बोलता रडायलाच लागली. इतके दिवस लोकांसमोर रडली नव्हती ती.

भाऊ शेजारी बसला. "तुझा शेवटी ठेवला होता तिने," तो म्हणाला. "माझा नेहमी शेवटी असायचा, पण त्याच दिवशी व्हायचा. भिजवलेलं बी तिने कधी रात्री घरी आणलंय का? तिला संध्याकाळच मिळाली नाही, बस."

"ते मला पण कळतं," वहिनी नाक पुसत म्हणाली. "पण कळून काय करू? माझ्याकडे तिचं रोप नाही ना."

मग वहिनी उठली, भाऊच्या खड्ड्याशी गेली आणि खुरप्याने मोठ्यांतल्या एका रोपाच्या भोवती उकरायला लागली, लांबून, सावकाश, मातीच्या गोळ्यासकट.

"अगं, ते माझं आहे!"

"तुमच्याकडे दोन आहेत तिची. हावरटपणा पुरे."

"दुसरं घे. ते वाकडं आहे."

"वाकडं आहे म्हणूनच घेतेय. तिचंच आहे याची खात्री पटते."

गोळा दोन्ही हातांत धरून तिने निळ्या चादरीच्या खड्ड्यात नेऊन ठेवला, स्वतःचं एक रोप उपटून जागा केली आणि भोवती माती दाबली. रोप लगेच आडवं झालं. भाऊ पाणी आणायला गेला आणि पेलाभरच घेऊन आला, त्याबद्दल त्याला ऐकून घ्यावं लागलं, तो परत गेला. तो येईपर्यंत ऊन वर आलं होतं. वहिनी त्या रोपावर दोन्ही हातांची सावली धरून बसली होती आणि त्याच्याशी काहीतरी बोलत होती. भाऊने बादली लांबच ठेवली आणि तिचं संपेपर्यंत तिथेच उभा राहिला.