आईचा बोर्ड

बीडच्या बसस्थानकाजवळ फ्लेक्सच्या दुकानात मी व्हिजिटिंग कार्डांसाठी थांबलो होतो. शेजारच्या स्टुलावर ऊसतोडीला जाणारी एक बाई मेलेल्या आईचा फोटो पदराने पुसत बसली होती. काच स्वच्छच होती. तिला वर्षश्राद्धाचा बोर्ड हवा होता.

ऑपरेटरने सवयीने टाइप केलं आणि वाचून दाखवलं, "सोशिक, मायाळू माता."

"सोशिक न्हवती ती. वस्तीवर नळ यावा म्हणून चार वर्सं पंचायतीत भांडली."

"मग रणरागिणी टाकू?"

बाईने भिंतीवरच्या फ्लेक्सवर गॉगलवाल्या तरुणाच्या फोटोखालचा 'संघर्षयोद्धा' हा मोठा शब्द सावकाश वाचला. "ह्यो कुणाशी लढला?"

"कुणाशी न्हाई. वाढदिवस हाय त्याचा."

ती हसली नाही. "आईला समदं गाव भांडखोर म्हणायचं. तेच लिवा."

"मावशी, लोक हसतील."

"हसू द्या. पाणी त्याच नळाचं पितेत."

ऑपरेटरने 'भांडखोर' लिहिलं. अक्षर मात्र कोपऱ्यात बारीक ठेवलं. बाईने स्क्रीनकडे बघितलं, मग भिंतीवरच्या 'संघर्षयोद्धा'कडे बोट केलं.

"त्याच्याएवढं करा," ती म्हणाली.