रेडरुथला लागलेली होडी

लव्हडे ट्रेगेन्झाने ट्रुरोच्या दुकानातून आणलेला हा तिसरा कॅल्क्युलेटर. पहिल्याचे लाल आकडे दिसायला झकास, पण दोन दिवसांत सेल खाऊन गप्प. दुसऱ्याच्या कळा इतक्या चिमुकल्या, की लोकरी हातमोजे घातले तर एका बोटाखाली तीन. दोन्ही तिने परत केले. नातवाची परीक्षा आली वाटतं, असं दुकानदाराने विचारलं तेव्हा ती हो म्हणून सुटली. नातू तिला नव्हताच.

फाल्मथच्या बंदरगावात तिने पस्तीस वर्षं घरोघर पत्रं वाटली, आणि दर जूनला नवऱ्याबरोबर, डेन्झिलबरोबर, शिडाच्या होडीतून स्पेन गाठलं. सेक्स्टंट या कोनमापकातून दुपारचा सूर्य क्षितिजावर टेकवायचा तिने, आणि त्या कोनावरून होडी कुठे आहे ते कागदावर काढायचं डेन्झिलने. तिने कधी गणिताला हात लावला नाही, त्याने सेक्स्टंटला.

फेब्रुवारीत डेन्झिलला पक्षाघात झाला. उजवा हात गेला, आणि सात अधिक आठ किती हे डॉक्टरांना सांगता येईना. तेव्हापासून तो घराबाहेर पडला नाही. बंदराकडे पाठ करून बसायचा, आणि होडीचं नाव काढलं की म्हणायचा, "विकून टाक ती."

मे उजाडला तरी होडीला रंग लागला नव्हता. लव्हडेचा पाय घरात ठरेना. यंत्र आणलंय हे त्याला कळलं तर? बायकोने आपली जागा एका डबड्याला दिली, असंच तो समजणार. म्हणून ती ते पिठाच्या डब्यामागे लपवायची.

त्या सकाळी तो अजून अंथरुणात आहे असं बघून तिने जुन्या वहीतलं एक गणित काढलं. नव्वदातून त्रेसष्ट अंश पन्नास मिनिटं वजा, तेवीस अंश चोवीस मिनिटं अधिक. उत्तर घेऊन नकाशावर बोट ठेवलं, तर होडी समुद्र सोडून थेट जमिनीवर, रेडरुथच्या कथलाच्या खाणींत. पुन्हा केलं. पुन्हा खाण. आता रडायचंच बाकी होतं.

"काय चाललंय?" दारात डेन्झिल उभा होता.

लपवायला वेळच मिळाला नाही. त्याने डाव्या हाताने वही ओढली आणि तो आकडे बघत बसला. मग त्याच्या तोंडाची चांगली बाजू हलली. तीन महिन्यांनी तो हसत होता.

"अंशात मिनिटं साठ असतात, बाई. तू शंभर धरलीस. त्याची वेगळी कळ असलेलं नाही मिळत?"

होतं की. परत केलेलं दुसरं. ती कळ तिला उगाच शोभेची वाटली होती. "पण त्याच्या कळा बारीक आहेत रे. मोजे घातले की..."

"मोजे तू घालतेस. मी आत केबिनमध्ये असतो."

लव्हडेने त्याचा कोट आणला.

दुकानात डेन्झिलने डाव्या अंगठ्याने एकेक कळ दाबून पाहिली. दुकानदाराने कौतुकाने विचारलं, "नातवासाठी का?"

"नातू कुठला? माझ्यासाठी. सूर्य ही पकडते, गणित मी करतो."

लव्हडेचे डोळे भरून आले. ती पाठ फिरवून फळीवरचे रेडिओ बघत राहिली.