लॉर्नाची नोव्हा

सकाळी बस, दुपारी बस आणि उरलेल्या वेळात आई. लॉर्ना प्रूइटचं आयुष्य आईचं डोकं चालेनासं झाल्यापासून असंच चाललं होतं. इंडियानातल्या त्या लहानशा गावात ती शाळेची पिवळी बस चालवायची. बसवर जाताना शेजारणीला आईजवळ बसवायची आणि परत आली की पर्स खुंटीला लावायच्या आधीच आईची हाक यायची. शनिवारी तेवढी तिची थोरली बहीण मेव्हिस आईजवळ बसायला यायची. मग दुपारपर्यंत लॉर्ना मोकळी.

तिच्याकडे एक जुनी नोव्हा गाडी होती. सत्तरच्या दशकातली, दोन दारांची, आठ सिलिंडरची. गियरच्या कारखान्यात लागल्यावर तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेली. पुढे नवरा सोडून गेला, कारखाना बंद पडला, नोव्हा मात्र राहिली. ती चालायची, पण कशीबशी. एकदा नदीजवळच्या चढावर दुधाच्या टँकरनं तिला हॉर्न मारला आणि मागं टाकून निघून गेला. लॉर्नानं गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली.

पुढच्या शनिवारी ती मेव्हिसच्या नवऱ्याकडे, व्हर्जिलकडे गेली. व्हर्जिल त्याच कारखान्यातून निवृत्त झालेला, गुडघे गेलेले, तोंड शाबूत.

"व्हर्जिल, नोव्हात थोडा जीव घालायचाय. स्वस्तात."

"स्वस्तात म्हणजे पान्यानं खोलायचं, पान्यानं बसवायचं. इंजिनाच्या पोटात हात घालायचा नाही."

"तेच म्हणतेय मी."

"मग एका दुपारचं काम आहे."

लॉर्ना घरी परतल्यावर मेव्हिसनं ते ऐकलं. "म्हातारपणी शिंगं फुटली वाटतं बाईला! शर्यतीत उतरणारेस का?"

"टँकरच्या पुढे राहिले तरी पुरे," लॉर्ना म्हणाली.

भंगारवाल्याकडून आणलेला चार तोंडांचा कार्बोरेटर आणि त्याची खालची बैठक आधी बसवली. मग वर उघडा एअर फिल्टर. व्हर्जिलच्या शेडमध्ये त्यातच तीन शनिवार गेले, कारण व्हर्जिल वाकला की त्याला उठवावं लागायचं आणि लॉर्ना वाकली की तिला झोप यायची. एकदा ती खरंच बोनेटखाली डोकं ठेवून पेंगली.

"घरी जा, झोप," व्हर्जिल म्हणाला.

"घरी कोण झोपू देतंय?"

राहिले धूर बाहेर काढणारे नळ. जुने अरुंद, ओतीव नळ काढून त्या जागी मोकळे, लांब नळ लावायचे, म्हणजे इंजिनाला श्वास सोडता येईल. सगळे बोल्ट गंजलेले. आदल्या रात्री त्यांवर तेल सोडून ठेवलं होतं, तरी शेवटचा बोल्ट फिरवताना हाताला एकदम हलकं लागलं. लॉर्नाला कळलं. बोल्टचं डोकं पान्यात होतं आणि धड इंजिनात.

व्हर्जिलनं एक सणसणीत शिवी हासडली. लॉर्ना सिमेंटवर बसली, हात पुसत राहिली. रडायचंही त्राण नव्हतं तिच्यात.

"अगं, निघतो तो," व्हर्जिल मवाळ होत म्हणाला. "तुटलेल्या टोकाला नट वेल्ड करायचा, गरम असतानाच फिरवायचा. पण आज नाही. आज माझे गुडघे नाही म्हणतायत."

पुढच्या शनिवारी पाऊस पडला, त्याच्या पुढच्या शनिवारी आईला ताप आला. मग कधीतरी तो बोल्ट किरकिरत बाहेर आला आणि नवे नळ बसले. लॉर्नानं व्हर्जिलला शेजारी बसवून गाडी घरी आणली, अंगणात उभी केली, आणि व्हर्जिलला ऐकवायला म्हणून ॲक्सिलरेटर दाबला. नोव्हा अशी गरजली की पलीकडचा कुत्रा पोर्चखाली शिरला. व्हर्जिल टाळ्या वाजवू लागला.

तेवढ्यात घरातून मेव्हिस ओरडली, "लॉर्ना! आई कुठंय?"

आई तळघराच्या जिन्यावर सापडली, वादळ आलं की सगळे उतरायचे तिथं. छातीशी पर्स धरून, अंधारात, एका पायरीवर.

"वावटळ आलीय," ती म्हणाली. "घर उचलून नेईल. माझ्या मुली बाहेर आहेत गं. त्यांना आण."

"आणल्या, आई. दोघीही आत आहेत." लॉर्ना तिच्याशेजारी बसली. मेव्हिस वरच्या पायरीवर तोंडावर हात धरून उभी होती. आईचा हात बर्फासारखा गार होता आणि तो लॉर्नाला बराच वेळ सोडेना.

नंतर व्हर्जिलनं दोन चांगले सायलेन्सर लावून पाहिले. आवाज उतरला, पण आईच्या मनातली वावटळ उतरेना. गाडी चालू झाली की ती पर्स शोधायची. व्हर्जिल म्हणाला, "जुने नळ परत लावू या का?" लॉर्नानं बोनेटवर हात ठेवला.

"नको," ती म्हणाली. "एवढं करून नको. तुझ्या शेडमध्ये जागा आहे ना?"

आता नोव्हा व्हर्जिलच्या शेडमध्ये असते. शनिवारी लॉर्ना मक्याच्या शेतांच्या कडेनं चालत तिकडे जाते. पहिल्याच फेरीत ती नदीजवळच्या चढावर गेली. गाडीनं तो चढ असा घेतला की तिची पाठ सीटला चिकटली. मागं-पुढं कुणी नव्हतं, ना टँकर ना ट्रॅक्टर. वर पोचल्यावर तिला हसू आलं आणि मग नुसताच दमल्यासारखा एक सुस्कारा.

"कशी पळाली?" परत आल्यावर व्हर्जिलनं विचारलं.

"पळाली."

"बस, एवढंच?"

"फार छान पळाली रे. पण मी दमलेय."

सगळ्याच शनिवारी ती गाडी बाहेर काढते असं नाही. पुष्कळदा दार उघडून आत बसते, सीट मागं करते, आणि किल्ली न लावताच झोपून जाते. व्हर्जिल मग शेडमध्ये खडखडाट करत नाही. दुपारी मेव्हिसची घरी परतायची वेळ झाली की तो काचेवर हलकेच टकटक करतो.