गाळातला वीरगळ

ट्रॅक्टरची साखळी शिळेला आवळून झाली होती, आणि माझा एक बूट गाळात रुतून बसला होता.

त्या उन्हाळ्यात डिंभे धरणाचं पाणी फार खाली गेलं. बुडालेल्या गावाच्या घरांची जोती उघडी पडली, आणि एक वीरगळही. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरलेली शिळा. त्याच गावातून उठलेल्या गेनूभाऊंनी आमच्या पुरातत्त्व खात्यात फोन केला, "आमचा वीर पळवायला निघाल्यात, लवकर या!"

कोणता कायदा लावायचा असं विचारलं, तर आमचे साहेब म्हणाले, "पाण्याखालचे कायदे बुडालेल्या जहाजांसाठी असतात. धरणात जहाज बुडालंय का?"

"नाही सर, गाव बुडालंय."

"मग जा."

वीर पळवणारे होते बबनशेठ, वारूळवाडीचे हॉटेलवाले. ट्रॅक्टरने ओढल्यावर शिळेचे दोन तुकडे नक्की होते. पण मी एकटा, आणि त्यांच्याबरोबर दांडगे गडी. मी ओळख सांगितलीच नाही.

"शेठ, असला साधा दगड कशाला नेताय?"

"साधा?" बबनशेठ भडकले. "आवं पावणं, पाचशे वर्सांचा हाये! हाटेलाच्या दारात उभा केला की गिऱ्हाईक गाडी थांबवून फोटू काढंल."

"पाचशे? मला नाही वाटत."

बबनशेठ बाजूला उभ्या गेनूभाऊंकडे वळले. "गेनूभाऊ, सांगा राव यास्नी!"

"पाचशे न्हाई," गेनूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "जास्तीच."

मग मी ओळखपत्र काढलं आणि कायदा सांगितला. धरणाच्या पोटातली जमीन सरकारची. तिथल्या गाळात शंभर वर्षांहून जुनी, मोलाची वस्तू सापडली तर कलेक्टरांना कळवायचं. परस्पर उचलली तर गुन्हा.

बबनशेठचा आवाज एकदम खाली आला. "कसला जुना, सायेब? धुणं धुवायचा दगूड व्हता ह्यो."

"मग गौण खनिज झालं. साध्या दगडमातीलाही तहसीलदारांची परवानगी लागते. आहे का?"

"म्हंजी जुना तरी गुन्हा, आन् नवा तरी गुन्हा?"

"तुम्ही ठरवा. मी तसा पंचनामा करतो."

गेनूभाऊ तोंडावर उपरणं धरून हसून गदगदत होते. बबनशेठनी गड्यांना मानेनं खूण केली. साखळी सुटली.

पुढे रीतसर परवानगी आली आणि वीरगळ नव्या गावठाणात, देवळाशेजारी उभा राहिला. ट्रॅक्टर बबनशेठनीच दिला, खाली पेंढाही अंथरला. नारळ फोडायचा मान मात्र मागून घेतला.

एखाद्या शिळेचं वय ठरवायला आमच्या खात्याला एरवी महिनोन्‌महिने लागतात. पळवणाऱ्याला विचारलं तर तो जागच्या जागी सांगतो, आणि वर थोडं वाढवून.