फुकटचा प्रोग्रॅम आणि नव्या हाताची म्हैस

मंडळी, आत्ताच पणदऱ्याहून आलो आणि थेट आपल्या लिनक्स ग्रुपला मेल लिहायला बसलोय. निघताना जाम चिडलो होतो, वाटेत निवळलो.

तिथल्या दूध डेअरीने कॉम्प्युटर घेतलाय. मी म्हटलं, कॉम्प्युटर चालवणारा लिनक्स हा प्रोग्रॅम फुकट आहे, सीडी आणलीय, विकतचं घेता कशाला?

चेअरमन तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बिघडलं तर कोन येनार?"

"मी आहे ना!"

"तुमी दिवाळीनंतर पुण्याला नोकरीला चाललाय. प्रोग्रॅम विकनारा बारामतीचा दुकानदार हितंच हाय."

"तात्या, फुकट म्हणजे वाईट नव्हे हो!"

"वाईट कोन म्हनतंय? पन म्हैस विकत घेतली, की जुना मालक चार दिवस धार काढायला येतो. नव्या हाताला ती पान्हा सोडत न्हाय. ही आमची क्लार्क सविता, अजून माऊसला हात लावायला भितीय. हिच्याजवळ कोन बसनार?"

सविता माझ्याकडेच बघत होती.

त्यांनी विकतचंच घेतलं. सीडी पिशवीतच राहिली.

दिवाळीला अजून अवकाश आहे. उद्यापासून मी सविताशेजारी बसणार, त्या विकतच्या प्रोग्रॅमसमोर. फुकट वाटायला आपण सगळे तयार असतो. तुमच्यापैकी शेजारी कोण बसतंय?