चिंगीच्या अंगातला पट्टा

पक्षी पाळणाऱ्यांनो, जरा मदत करा.

आमच्या घरी गोऱ्ह्याचं दावं आधी काही दिवस त्याच्या गव्हाणीत ठेवतात, म्हणजे तो बुजत नाही. तसाच मी चिंगीचा, आमच्या कॉनूर पोपटाच्या पिल्लाचा, फिरायला न्यायचा, पंखांखालून अंगात घालायचा पट्टा पिंजऱ्यात ठेवला होता. ती त्याच्याशी खेळायची.

आज दुपारी तो अंगात घातला, तर ती थिजलीच.

"बघ, कशी गुमान बसून राहिली," आई म्हणाली.

"गुमान न्हाई, भ्याली ती," आबा म्हणाले. "काहून छळून राहिली लेकराला?"

आता ती पट्टा कुरतडते आहे. रात्रभर तो अंगात ठेवणं धोक्याचं आहे. काढायचा तर तिला धरावं लागेल, आणि माझा हात दिसला की ती किंचाळते. सकाळी याच हातातून तिने पेरू खाल्ला होता.

सांगा, तिला धरू तरी कशी?