ललिताचा अंगठा

धम्मपालला स्वतःचं घर सोडून जगातलं सगळं रंगवता येतं, असं नाते गावाच्या अलीकडल्या बौद्धवाडीत म्हणतात. ते खोटं नाही. घराच्या भिंतींना अजून चुना लागलेला नाही आणि पडवीत मात्र कुणाच्या तरी मोटारीचा निळाशार दरवाजा ऐटीत भिंतीला टेकून वाळत असतो. दोन हजार एकवीसच्या पुरात तो कामाला होता ते महाडातलं गॅरेज बुडालं, मालकानं ते पुन्हा उघडलं नाही, तेव्हा धम्मपालनं तिथला रंग फवारायचा जुना कंप्रेसर घरी आणला. त्या दिवसापासून त्याची बायको ललिता पडवीत अडकली.

लोकांना वाटतं गाडी देखणी होते ती रंगानं. ती होते प्रायमरनं. चेपलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती घासायची, वरून करडा प्रायमर मारायचा आणि तो वाळला की साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरनं पुन्हा घासत बसायचं. एवढासा उंचवटा राहिला तरी रंग चढल्यावर तो उन्हात चमकतो आणि गिऱ्हाईक गाडी परत दारात आणून उभी करतं. धम्मपालचा हात जड. तो घासायला बसला की प्रायमर कडेनं उडून खालचा पत्रा दिसायला लागायचा. ललितानं एकदा सहज पेपर हातात घेतला, आणि ते काम तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. हातमोजे घालून बघितले, पण मोज्यातून पत्र्याचं काही कळत नाही. ती उघडी बोटं फिरवून सांगायची, इथं अजून हाय.

प्रायमर मारायचा म्हटला की पडवीला ताडपत्री, दार बंद, पंखा बंद, कारण ओल्यावर धुळीचा कण बसता कामा नये. मे महिन्यात ती आत घाम पुसत बसायची, आणि भातालाही थिनरचा वास यायचा. बारावी झालेली बाई, तिला याचा मनापासून वीट आला होता. वीट आला म्हणून काम काही तिला सोडत नव्हतं.

अशात नाते गावातली तिची शाळेतली मैत्रीण रेश्मा निरोप घेऊन आली. रेश्मा एमआयडीसीतल्या एका कंपनीत गोळ्यांच्या पॅकिंगला होती, तिथं एक बाई हवी होती. कंपनीची बस फाट्यावरून नेणार, फाट्यावर आणून सोडणार. ललिताला पगारापेक्षा त्या बसचंच जास्त वाटलं. खिडकीशी बसायचं, दुपारी चार बायकांत डबा उघडायचा. ठेवणीतली साडी नेसून ती ठेकेदाराच्या ऑफिसात गेली. हजेरी अंगठ्याची होती. तिनं अंगठा ठेवला, पुसून ठेवला, दुसरा ठेवला, मशीन काही तिला ओळखेना. तिथल्या माणसानं तिचा हात उजेडात धरला आणि म्हणाला, "ताई, यावर रेषाच नाहीत."

प्रायमरबरोबर तिनं स्वतःचीही कातडी घासून काढली होती. त्या माणसानं पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारची मुदत दिली. तेव्हाही अंगठा उठला नाही तर दुसरी बाई घेणार होते.

धम्मपाल माणूस वाईट नाही, हे सांगायलाच हवं. त्यानं तिला पेपरला हात लावू दिला नाही. भांडीसुद्धा तोच घासायला लागला आणि वाडीतल्या बायकांची चांगली करमणूक झाली. ललिता रोज अंगठ्याला खोबरेल चोळायची. हळूहळू रेषा उमटायला लागल्या. रेशनच्या दुकानात मशीननं तिचा अंगठा पहिल्या झटक्यात घेतला, तेव्हा परत येताना तिला रस्त्यातच हसू फुटलं.

सोमवार उद्यावर आला. रविवारी दुपारी धम्मपाल पोलादपुराकडच्या उमरठच्या प्रवीणच्या जीपचं बोनेट घासत होता. प्रवीणच्या बहिणीची वरात त्या जीपमधून निघायची होती. त्याआधीच्या दोन गिऱ्हाइकांनी काम परत आणलं होतं, आणि हेही परत आलं तर पोलादपुराकडनं पुन्हा गाडी येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ललिता आत उद्याच्या साडीला इस्त्री करत होती, पण कान पडवीत. पेपर कडेवर खरखरत होता. कडेवर तो खरखरला की प्रायमर उडालाच.

ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. धम्मपालनं वर बघितलं नाही. उडालेल्या जागेवर त्यानं तिसऱ्यांदा प्रायमर मारला होता आणि तिसऱ्यांदा तो घालवला होता. मानेवरून घाम गळत होता. तो एका शब्दानं काही म्हणाला नाही. म्हणाला असता तर ती कडकडून भांडली असती, आणि सुटली असती. तो नुसता घासत राहिला, आणि तिला त्याचा राग आला, कीव आली, आणि त्याहून जास्त त्या बोनेटकडे बघवेना.

एवढी एक कड, असं मनाशी म्हणून ती खाली बसली. त्याच्या हातातला पेपर घेतला.

"नको गो," तो म्हणाला. पण पाण्याची बादली त्यानं तिच्याकडे सरकवली.

कड झाली. कडेला लागून मधला भाग होता, त्यात एक लाट लागत होती. ती मोडली तर पलीकडे दुसरी लागली. बोटं आपोआप फिरत होती, आणि ती चांगली फिरत होती, हे तिला कळत होतं. ऊन पडवीतून सरकून अंगणात गेलं तेव्हा बोनेटवर कुठंही बोट अडकत नव्हतं. तिनं पदराला हात पुसून अंगठा उजेडात धरला. नवी कोवळी कातडी लाल, गुळगुळीत झाली होती. एका बाजूला पुसट रेघ होती, तीही होती की नव्हती.

धम्मपाल तिच्याकडे बघत होता. "उद्याचं काय?" त्यानं हळूच विचारलं.

ललितानं बादलीतलं गढूळ पाणी अंगणात फेकलं.

"तिकडचा गाडीचा दरवाजा आणा," ती म्हणाली. "आता हात हायेतच पाण्यात."